अध्यक्ष की अभियंता? सोइचिरो होंडा यांनी स्वतःचीच सवय कशी मोडली
#धागा

१/ बुडालेल्या उद्योगांचा इतिहास वाचताना बाहेरची कारणे प्रथम नजरेत भरतात: युद्ध, मंदी, प्रतिस्पर्धी, बदललेला कायदा. पण पुष्कळ ठिकाणी मालकच आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना दिसतो. विशेष म्हणजे हा धोंडा बहुधा आळसाचा किंवा अज्ञानाचा नसतो. ज्या गुणाच्या बळावर त्याने उद्योग उभारला, तोच गुण पुढे सवय बनून उद्योगाच्या मुळावर येतो. आजचा धागा अशाच एका मालकाचा आहे. त्याला ही सवय वेळेत मोडता आली, म्हणून त्याची कथा सांगण्याजोगी.

२/ 'होंडा' हे नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले ते १९८०च्या दशकात, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकशी झालेल्या भागीदारीतून. बटण दाबताच सुरू होणारी, गिअर बदलावे न लागणारी 'कायनेटिक होंडा' अनेकांच्या स्मरणात असेल. या नावामागचा माणूस, सोइचिरो होंडा, १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात जन्मला. वडील लोहार होते, पुढे ते सायकली दुरुस्त करू लागले. मुलाचे मन पुस्तकात कधी रमले नाही; भात्यापाशी आणि हत्यारांपाशी रमले.

३/ १९२२ साली हा मुलगा टोकियोच्या 'आर्ट शोकाई' या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. १९२८ मध्ये मालकाने त्याला हमामात्सु येथे शाखा काढून दिली. गाडीचा आवाज ऐकून दोष ओळखणारा कारागीर म्हणून त्याची ख्याती झाली. त्याला शर्यतींचेही वेड होते. १९३६ सालच्या एका शर्यतीत त्याची गाडी उलटली आणि तो व त्याचा धाकटा भाऊ, दोघेही जखमी झाले. हाताने करून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही वृत्ती येथेच पक्की झाली.

४/ दुरुस्तीचा धंदा बरा चाललेला असताना होंडांनी पिस्टन रिंग बनवण्याचे ठरवले. रिंगा काही केल्या टिकेनात. टोयोटाकडे तपासणीसाठी निवडक ५० रिंगा पाठवल्या, त्यांतल्या फक्त ३ पसंत पडल्या. धातुशास्त्राचे ज्ञान आपल्यापाशी नाही हे उमगल्यावर तिशी ओलांडलेले होंडा हमामात्सुच्या तंत्रविद्यालयात जाऊन बसले. परीक्षा त्यांनी दिल्या नाहीत, पण हवे ते ज्ञान घेतले आणि रिंग साधली. आपली उणीव मान्य करण्याची ही क्षमता ध्यानात ठेवावी. पुढे तीच कामी येणार आहे.

५/ युद्धात बॉम्बहल्ल्यांनी आणि जानेवारी १९४५ च्या मिकावा भूकंपाने त्यांच्या कारखान्याची वाताहत झाली. कंपनीतील आपला हिस्सा होंडांनी टोयोटाला विकला. १९४६ मध्ये लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनवलेली, आता कुणालाच नको असलेली लहान इंजिने त्यांच्या हाती लागली. ती त्यांनी सायकलींना जोडली. इंधन, वाहने, सगळ्यांचाच दुष्काळ असलेल्या देशात त्यांवर उड्या पडल्या. २४ सप्टेंबर १९४८ रोजी 'होंडा मोटर कंपनी' स्थापन झाली.

६/ आता मालकाचा स्वभाव पाहू. होंडा कारखान्यातच रमत. जमिनीवर बसून खडूने आकृती काढत, रात्री सुचलेली कल्पना सकाळी करून पाहत. त्याचबरोबर ते विलक्षण तापट होते. काम बिघडवणाऱ्यावर हत्यार फेकत, प्रसंगी हातही उगारत. विकलेल्या मालाचे पैसे वसूल करणे त्यांना जमत नसे, हिशेबात त्यांचे मन लागत नसे. त्यांच्या लेखी उत्तम यंत्र बनले की मालकाचे काम संपले. १९४९ मध्ये 'ड्रीम' ही मोटारसायकल तयार झाली, पण तिजोरी रिकामीच राहिली.

७/ ऑगस्ट १९४९ मध्ये एका परिचिताने त्यांची गाठ ताकेओ फुजिसावा यांच्याशी घालून दिली. फुजिसावा होंडांपेक्षा चार वर्षांनी लहान, टोकियोचे, आधी कटाईची हत्यारे बनवणारा छोटा कारखाना चालवलेले. यंत्रात त्यांना गती नव्हती, बाजारात होती. दोघांचा करार थोडक्यात असा: तंत्र होंडांचे, पैसा आणि विक्री फुजिसावांची, एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. ऑक्टोबरमध्ये फुजिसावा कंपनीत दाखल झाले.

८/ मराठ्यांच्या इतिहासात 'शिक्के-कटार' सोपवणे म्हणजे अधिकारच सोपवणे, हे आपल्याला ठाऊक आहे. जपानी व्यवहारातही सहीपेक्षा मोहोरेला महत्त्व असते. होंडांनी आपली मोहोर फुजिसावांच्या स्वाधीन केली आणि कारभार त्यांच्यावर सोडला. मालकाने स्वतःवर घालून घेतलेले हे पहिले बंधन होते. 'मी हिशेबाकडे लक्ष देईन' अशी शपथ त्यांनी घेतली नाही. जे आपल्याने होणार नाही, ते ज्याच्याने होईल त्याच्या हाती देऊन ते मोकळे झाले.

९/ फुजिसावांनी काय केले, याचा एक नमुना. १९५२ मध्ये सायकलला लावायचे 'कब' हे छोटे इंजिन तयार झाले. मोटारसायकलींचे विक्रेते थोडे होते, पण सायकलींची दुकाने गावोगावी होती. फुजिसावांनी पन्नास हजारांहून अधिक सायकल दुकानदारांना पत्रे धाडली. हजारो दुकानदारांनी प्रतिसाद दिला आणि आगाऊ पैसे भरून इंजिने मागवली. एका फटक्यात कंपनीला देशभर विक्रेते मिळाले आणि खेळते भांडवलही मिळाले.

१०/ पहिली मोठी कसोटी १९५४ मध्ये आली. कंपनीने परदेशांतून ४५ कोटी येनची यंत्रसामग्री मागवली होती आणि तिच्या भागभांडवलापुढे ही रक्कम प्रचंड होती. कोरियाचे युद्ध थांबल्यावर बाजार मंदावला. त्यातच नवी 'जुनो' स्कूटर जड निघाली, तिचे इंजिन तापू लागले. 'ड्रीम'च्या नव्या रूपाविषयी तक्रारी आल्या, 'कब'चा खप घसरला. फुजिसावांनी पुरवठादारांकडून मुदत मागितली, कामगार संघटनेला विश्वासात घेतले, मित्सुबिशी बँकेला खरी स्थिती सांगितली. होंडा इंजिनाचा दोष शोधत राहिले. कंपनी वाचली.

११/ याच संकटात, मार्च १९५४ मध्ये, कंपनीने आइल ऑफ मॅनच्या जगप्रसिद्ध 'टीटी' शर्यतीत उतरण्याची घोषणा केली. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष उतरली आणि १९६१ मध्ये १२५ व २५० सीसी या दोन्ही गटांत जिंकली. दरम्यान १९५८ मध्ये आलेली 'सुपर कब' जगातील सर्वाधिक खपणाऱ्या वाहनांपैकी एक ठरली. होंडांचा ध्यास आणि फुजिसावांचा आवर, दोन्ही एकत्र असले म्हणजे काय घडते, याचे हे दशक साक्षीदार आहे.

१२/ तरीही फुजिसावांना एक चिंता होती: सारी कंपनी एका माणसाच्या प्रतिभेवर उभी आहे, तो थकला किंवा चुकला तर पुढे काय? म्हणून १९६० मध्ये त्यांनी संशोधन विभाग वेगळा काढून स्वतंत्र कंपनी करवली. १९६४ पासून संचालकांना एका सामाईक दालनात बसवले, म्हणजे प्रश्नांवर एकमेकांत बोलल्यावाचून त्यांना गत्यंतर राहू नये. नव्या संशोधन कंपनीचे अध्यक्ष मात्र होंडाच होते. सवयीचा किल्ला तेथे अजून अभंग होता.

१३/ १९६३ मध्ये कंपनी चारचाकी वाहनांत उतरली आणि तेथे एक तांत्रिक वाद पेटला. इंजिन थंड राखायचे दोन मार्ग: बाहेरून वाहणारी हवा, किंवा इंजिनाभोवती खेळवलेले पाणी. होंडा हवेच्या बाजूचे होते. पाणीही रेडिएटरमध्ये शेवटी हवेनेच थंड होते, मग मध्ये पाणी हवे कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. पंप नको, रेडिएटर नको, गळती नको. युक्तिवाद साधा होता आणि ऐकणाऱ्याला चटकन पटणारा होता.

१४/ शिवाय त्यामागे यशाची साक्ष होती. 'ड्रीम', 'सुपर कब', १९६७ ची लोकप्रिय छोटी मोटार 'एन ३६०', १९६९ ची गाजलेली 'सीबी ७५०', सगळ्यांची इंजिने हवेवरच थंड होत. वीस वर्षे जे खरे ठरले, ते आज का खोटे ठरावे? आत्मघातकी सवयीचे बळ येथेच असते. तिच्या पाठीशी पुरावा असतो, फक्त तो कालचा असतो.

१५/ १९६८ मध्ये होंडांच्या आग्रहाने फॉर्म्युला वन शर्यतीसाठी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची 'आरए ३०२' ही गाडी बनली. संघाचे चालक जॉन सर्टीस यांनी ती शर्यतीस तयार नाही असे सांगून चालवण्यास नकार दिला. तरी ती फ्रान्समधील रूआँच्या शर्यतीत उतरवली गेली. ७ जुलै १९६८ रोजी, पावसात, सुरुवातीच्या फेऱ्यांतच ती उलटून पेटली आणि चालक जो श्लेसर मृत्यू पावले. त्या वर्षाअखेर कंपनीने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली.

१६/ होंडांचे मत तरीही ढळले नाही. मे १९६९ मध्ये 'होंडा १३००' ही मोटार आली. मोठे इंजिन हवेवर थंड ठेवण्यासाठी त्याला दुहेरी भिंतींचे गुंतागुंतीचे कवच द्यावे लागले. जो साधेपणा हा हवेचा मुख्य लाभ, तोच त्यात हरवला. इंजिन शक्तिशाली होते, पण गाडीचा पुढचा भाग जड झाला. उत्पादनाची तयारी झाल्यावरही होंडा बदल सुचवत राहिले, त्यामुळे कारखान्याची तारांबळ उडाली. खप अपेक्षेपेक्षा फार कमी राहिला.

१७/ आणि याच वेळी काळ बदलत होता. अमेरिकेत धुराविरुद्ध लोकमत तापले होते. १९७० साली तेथील स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली: १९७५ पर्यंत नव्या मोटारींतून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन नव्वद टक्क्यांनी घटला पाहिजे. धूर कमी करायचा तर इंजिनाचे तापमान सर्वत्र सारखे आणि ताब्यात हवे. पाण्याने ते साधते, हवेने फार कठीण. प्रश्न आता आवडीचा उरला नव्हता. कंपनी मोटारी बनवत राहणार की नाही, हा होता.

१८/ हे तरुण अभियंत्यांना दिसत होते, पण संस्थापकापुढे बोलणार कोण? तादाशी कुमे हे 'होंडा १३००'वर काम केलेले अभियंता. त्यांनी पाण्याची बाजू मांडली, ती ऐकली जाईना, तेव्हा काही काळ त्यांनी कामावर येणेच थांबवले. शेवटी अभियंत्यांनी फुजिसावांपुढे कैफियत मांडली. फुजिसावांना इंजिनातले कळत नव्हते, पण माणसे आणि त्यांचे मौन कळत होते. वीस वर्षे ज्या दालनात त्यांनी पाऊल टाकले नव्हते, तेथे त्यांना आता शिरायचे होते.

१९/ त्यांनी होंडांशी तंत्राचा वाद घातलाच नाही. एकच प्रश्न केला: कंपनीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही राहणार, की अभियंत्यांमधले एक म्हणून? दोहोंपैकी एक निवडा. होंडांनी थोडा विचार केला आणि अध्यक्ष म्हणूनच राहायला हवे, असे उत्तर दिले. मग अभियंत्यांना पाण्याचे इंजिन करू द्याल ना, असे फुजिसावांनी विचारले. होंडांनी होकार दिला. संभाषण एवढेच. पुढचे काम अभियंत्यांच्या हाती गेले, आणि १९७१ मध्ये 'लाइफ' ही पाण्यावर थंड होणारी छोटी मोटार बाजारात आली.

२०/ या प्रसंगात काय घडले, ते नीट पाहावे. हवेविषयीचे होंडांचे मत त्या क्षणी बदलले नव्हते आणि तसा आग्रहही कुणी धरला नाही. त्यांनी आपल्या मताची सक्ती करण्याचा हक्क सोडला. सवय मोडायला मतपरिवर्तन लागतेच असे नाही. आपण ज्या पदावर आहोत त्या पदाचे काम कोणते, हे ओळखले तरी पुरते. अभियंता आपल्या इंजिनासाठी हट्ट धरू शकतो, अध्यक्षाला तो हट्ट सगळ्यांच्या जिवावर धरता येत नाही.

२१/ तुलनेसाठी हेन्री फोर्ड पाहा. 'मॉडेल टी'ने त्यांना वैभव दिले आणि त्या गाडीपलीकडे पाहण्यास ते तयार होईनात. जानेवारी १९२६ मध्ये त्यांचे अधिकारी अर्नेस्ट कांझलर यांनी नव्या गाडीची गरज लेखी मांडली. त्याच वर्षी कांझलर यांना कंपनी सोडावी लागली. शेवटी मे १९२७ मध्ये नवी गाडी तयार नसतानाच 'मॉडेल टी' बंद करावी लागली, कारखाने महिनोन्महिने ठप्प राहिले आणि शेव्हरले पुढे निघून गेली. 'नाही' म्हणणारा माणूस फोर्डजवळही होता. त्याचे ऐकण्याचा करार नव्हता.

२२/ होंडाच्या अभियंत्यांनी पुढे 'सीव्हीसीसी' इंजिन सिद्ध केले. मुख्य ज्वलनकक्षाला जोडून एक लहान कक्ष. त्यात इंधनाचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण आधी पेटते आणि त्याच्या ज्वाळेने मुख्य कक्षातले विरळ मिश्रण संथपणे, पुरते जळते. १९७२ च्या अखेरीस अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत हे इंजिन १९७५ ची मर्यादा गाठणारे पहिले ठरले, तेही धूर शुद्ध करणारे वेगळे उपकरण न लावता. टोयोटा आणि फोर्ड यांनीही त्याचे परवाने घेतले.

२३/ या यशातच होंडांना आणखी एक धडा मिळाला. अमेरिकेच्या तीन बड्या कंपन्यांना गाठण्याची ही संधी आहे, असे ते उत्साहाने म्हणाले. तरुण अभियंत्यांना ते रुचले नाही. आपण हे कंपनीसाठी करत नसून समाजासाठी करत आहोत, असे त्यांचे म्हणणे पडले. होंडांनी ते मनावर घेतले. आपले विचार नकळत मागे राहिले, आता बाजूला होण्याची वेळ आली, असे त्यांना वाटू लागले.

२४/ १९७३ मध्ये फुजिसावांनी निवृत्त होण्याचे ठरवले. ही वार्ता एका सहकाऱ्याकडून कळताच होंडांनीही त्यांच्याबरोबरच पायउतार होण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबरमध्ये दोघे एकदम निवृत्त झाले. आपली मुले कंपनीत आणायची नाहीत, हेही दोघांनी पाळले. ४५ वर्षांचे कियोशी कावाशिमा अध्यक्ष झाले. होंडांनी नंतर देशभर फिरून कारखान्यांतील आणि दुकानांतील माणसांशी हस्तांदोलन करत त्यांचे आभार मानले. ज्या हाताने कधी हत्यार भिरकावले होते, तोच हा हात.

२५/ १९८३ मध्ये कावाशिमांनंतर कंपनीचे अध्यक्ष कोण झाले? तादाशी कुमे. संस्थापकाविरुद्ध उभा राहिलेला माणूस त्याच संस्थेच्या सर्वोच्च आसनावर बसला, आणि हे सोइचिरो होंडांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. फुजिसावा १९८८ मध्ये आणि होंडा ५ ऑगस्ट १९९१ रोजी निवर्तले.

२६/ तात्पर्य एवढेच. आपली सवय आपल्याला बहुधा दिसत नाही, कारण ती आपल्याच गुणाचे वस्त्र पांघरून येते. म्हणून तिचा बंदोबस्त संकटाच्या ऐन वेळी केलेल्या निर्धारावर सोपवू नये. होंडांचा होकार एका क्षणाचा होता, पण तो क्षण १९४९ च्या करारापासून घडत होता. आपल्याला अडवण्याचा अधिकार कुणाला द्यायचा, हे शांत काळात ठरवावे. आणि तो माणूस खरोखर दाराशी येऊन उभा राहिला, की दार उघडावे.

(धागा समाप्त)